चढणीचा मासा आधी चढू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोबाईलवर तोच व्हिडिओ फिरायला लागतो. बुट्टीभर मासे, त्यात वाम, शिंगटा, कोळशी, वर एखादा मरळ, आणि मागून कुणाचा तरी आवाज, ‘चढणीचं मासं गावलं बघा!’ बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या भातखाचरांपासून निपाणी-चिकोडीच्या ओढ्यांपर्यंत हा मोसम सगळ्यांच्या आवडीचा. आमचीही तक्रार मासे धरण्याबद्दल नाही. ते कधी धरतात, त्याबद्दल आहे.

चढणीचा मासा उगाच फिरायला निघालेला नसतो. ओढ्याला पहिले गढूळ पाणी आले की नदीतली अंड्यांवर आलेली मादी आणि तिच्यामागचे नर उलट्या धारेने वर सरकतात. ओढ्यातून पाटात, पाटातून बांधाच्या सांडीवर, म्हणजे जादा पाणी सुटायच्या वाटेवर, उडी मारून थेट खाचरात. तिथे पाणी वीतभर, कोमट, नव्याने भिजलेल्या मातीमुळे बारीक जीवांनी भरलेले आणि मोठ्या माशांपासून सुरक्षित असते. रोहूसारख्या माशाची अंडी १५ ते १८ तासांत फुटतात आणि पुढचे तीनेक दिवस पिल्लू पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगते. किलोभर वजनाच्या रोहूच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. त्यातली फार थोडी जगतात हे खरे. पण सांडीवर कोयता घेऊन बसलेला माणूस एका घावात ती सगळीच संपवतो.

आपल्याकडे श्रावण पाळतात. गंमत अशी, की श्रावण लागेपर्यंत बहुतेक मासा अंडी घालून मोकळा झालेला असतो. म्हणजे जपायच्या वेळी आपण खातो आणि खायला हरकत नसते तेव्हा उपास करतो. श्रावण ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे पाळावा, पण मृग आणि आर्द्रा ही दोन नक्षत्रे, म्हणजे साधारण ७ जून ते ५ जुलै, ओढ्यावर आणि खाचरात मासे मारू नयेत एवढे गावागावांत ठरले तरी पुष्कळ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. तिथे बंदरावर बोटी मोजता येतात. आपल्या ओढ्यावर रात्री बॅटरी घेऊन कोण उतरले हे गावालाच ठाऊक असते, तेव्हा नियमही गावानेच करायचा.

एवढे दिवस थांबणे ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान मादी ओळखून सोडावी. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले, हाताला मऊ, गुदद्वार लालसर आणि बाहेर आलेले असेल तर ती अंडीवाली. रोहू-मृगलाच्या नराचे छातीचे पर मोसमात बोट फिरवले की खरखरीत लागतात आणि पोट हलके दाबले की दुधासारखा द्रव येतो. मादी सोडताना ओले हात करूनच धरावी. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे बुरशी येऊन मासा मरू शकतो. मरळाची गोष्ट वेगळी. पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा गोळा एकत्र फिरताना दिसला की खाली आईबाप राखणीला आहेत असे समजावे. गळ टाकला तर तेही झेपावतात, कारण पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ते चालून जातात. ही शिकार फार सोपी आहे, म्हणूनच ती करू नये. राखणारे गेले की पिल्लांना बाकीचे मासे तासाभरात टिपतात.

खेकड्यांचेही तसेच. पहिल्या पावसात बिळाबाहेर आलेला खेकडा उलटा करून पाहावा. पोटाखालचा पदर अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी, आणि तो पदर फुगलेला दिसला तर आत अंडी किंवा मुगाएवढी पिल्ले असतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्ले अंड्यातून थेट छोटा खेकडा होऊनच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाला चिकटून राहतात. अशी मादी रश्शात टाकली तर पुढच्या वर्षीचे बीळही रिकामे.

आता मोसमाबद्दल. पुनर्वसू सरला, पाणी जरा निवळले, की गळाला खरी मजा. हिडकल जलाशय, घटप्रभा, मलप्रभा, दूधगंगा, वेदगंगा, कुठेही जा. फक्त जलाशयाला मत्स्य खात्याचा परवाना आणि ठेक्याच्या तलावाला ठेकेदाराची परवानगी आधी घ्या. दुकानात गळ मागताना नंबर जितका मोठा तितका गळ लहान हे लक्षात ठेवावे. कोळशी, झोऱ्या अशा बारीक माशांना १० ते १२, रोहू-मृगलाला ६ ते ८. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीक माशाला ०.२० मिलिमीटर जाडीची, रोहूला ०.३० ते ०.३५. त्याहून जाड घेतला की दोरी तुटत नाही, पण निवळ पाण्यात मासाही येत नाही.

मासा निसटला की लोक दोरीला शिव्या घालतात, आणि तुटलेले टोक पाहिले तर दहातल्या आठ वेळा ते गाठीपाशी असते. तंगूस गळाच्या नाकातून ओवून मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यावे, टोक नाकाजवळच्या फटीतून आणावे आणि ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते. शिसे गळापासून एक वीत वर बांधावे. बुडाचा मासा मृगल, मधला रोहू, वरचा कटला. त्याप्रमाणे दोरीवरचे तरंगणारे बेंड खाली-वर करावे. मृगलासाठी आमिष तळापासून चार बोटेच वर हवे.

आमिषाला भाताचा कोंडा दोन भाग आणि शेंगदाण्याची पेंड एक भाग. पेंड आधी वीसेक मिनिटे भिजवावी, नाहीतर आत कोरडी राहून गोळा फुटतो. बांधायला कणीक मूठभरच. कणीक जास्त झाली की गोळा दगडासारखा होतो, विरघळत नाही, वास पसरत नाही. कमी झाली की फेकतानाच हवेत सुटतो. गोळा सुपारीएवढा आणि गळाचे टोक आत झाकलेले. वामेला मात्र हे चालत नाही, तिला गांडूळच हवे, तेही रात्री, दगडांच्या कपारीजवळ आणि तळाला. लागल्याबरोबर ओढून बाहेर घ्यावी लागते. क्षणभर सैल सोडली की कपारीत अंग गुंडाळते, मग दोरी तुटते, वाम येत नाही. पाठीवर तिला काट्यांची रांग असते, फडक्याने किंवा राख लावून धरावी. शिंगट्याचे पाठीचे आणि छातीचे काटे करवतीसारखे असतात. टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धरला की ठणका कमी होतो.

जाळे लावणाऱ्यांना एकच सांगणे. मच्छरदाणीचे कापड ओढ्याला आडवे बांधू नका. त्यात बोटाएवढी पिल्लेसुद्धा अडकतात आणि ती ना विकता येतात ना नीट खाता येतात. जाळ्याचा डोळा ताणून मोजला की तीन-चार बोटे तरी भरावा.

जिलेटिन, विजेची तार आणि ब्लिचिंग पावडर यांना मासेमारी म्हणायला आम्ही तयार नाही. स्फोटके आणि विष घालून मासे मारणे १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून गुन्हा आहे. जिलेटिनने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते, म्हणून मेलेला बराचसा मासा वर न येता तळाला जातो आणि तिथेच कुजतो. हाती येतो तो थोडाच. ब्लिचिंगने कल्ले भाजतात आणि तेच पाणी खालच्या वस्तीतली जनावरे पितात. खांबावरून तार टाकणारा तर ओल्या काठावर स्वतःच उभा असतो. गेळफळ हे माशांना विषारी रानफळ कुटून डोहात टाकण्याची रीत जुनी आहे म्हणून ती माफ होत नाही. डोहातला लहानमोठा सगळाच जीव त्यात जातो.

रानातल्या शिकारीची आठवण काढणारे अजून भेटतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. ससा, साळिंदर काहीही असो, फास लावणे हीदेखील कायद्याने शिकारच, जनावर सापडो वा न सापडो. मोटारसायकलच्या क्लच वायरचे फास डुकरासाठी म्हणून लावतात आणि त्यात बिबट्या अडकतो. डुकराने भात उडवले तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. २०११ साली अभयारण्य झालेल्या भीमगडच्या ओढ्यांत गळही टाकू नये. नदीतले कासवही आमटीचे नाही, कायद्याचे आहे.

पाण्याचा अंदाज चुकतो तो आकाशाकडे बघून. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि कणकुंबी, आंबोली, चंदगडकडे कोसळत असते. तिथले पाणी काही तासांनी इथे पोहोचते. धारेत अचानक पालापाचोळा, काटक्या वाहू लागल्या, पाणी तांबूस झाले, दगडावर केलेली खूण बुडाली, की जाळे तसेच टाकून वर यावे. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड हे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात, तरी पूल बुडायला आल्यावरही कठड्याशी गळ टाकून बसणारे दिसतात. कृष्णाकाठी मगरी आहेत. मे-जूनच्या सुमारास पिल्ले असताना मादी काठावर कुणाला येऊ देत नाही. तिन्हीसांजेला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहू नये.

शेवटी दोन मागण्या. बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, मृगाआधी काढले गेले नाहीत तर चढणीचा मासा भिंतीखालीच साठतो, दिवसभर उड्या मारून थकतो आणि तिथेच बुट्ट्या भरल्या जातात. दरवर्षी मे अखेर बर्गे निघावेत आणि कोणत्या बंधाऱ्याचे कधी निघणार हे पंचायतीच्या फळ्यावर लागावे. दुसरे, नदीकाठी मासेमारीचे आणि धोक्याचे जे फलक लावायचे ते कन्नडबरोबर मराठीतही असावेत. पाण्यात उतरणाऱ्याला ते वाचता आले पाहिजेत.

आपले,
गळ टाकणारे काही वाचक,
खानापूर तालुका