प्रादेशिक सेना: गणवेशाबाहेरचे दहा महिने

संपादक महोदय,

प्रादेशिक सेनेच्या भरतीची जाहिरात निघाली की अनेक तरुण तिच्याकडे लष्करी नोकरीची दुसरी संधी म्हणून पाहतात. ही पूर्णवेळ नोकरी नाही; आपला व्यवसाय सांभाळून वर्षातला काही काळ करायची लष्करी सेवा आहे. अधिकारी व्हायला वय १८ ते ४२ आणि पदवी लागते. शिवाय पोटापाण्याचा स्वतःचा उद्योग किंवा नोकरी आधीपासून असावी लागते. पहिल्या वर्षी एक महिन्याचे प्राथमिक प्रशिक्षण, पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचे कमिशननंतरचे (अधिकारपद मिळाल्यानंतरचे) प्रशिक्षण आणि दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर. पगार नियमित सेनेसारखाच, पण सेवेत असाल तेवढ्याच दिवसांचा. सेवेचा काळ वाढूही शकतो: मे २०२५ मध्ये केंद्राने ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करायला मंजुरी दिली होती. क्रिकेटपटू धोनीचे या सेनेतले पद मानद आहे, त्यावरून अंदाज बांधू नये.

या सेवेने माणूस घडतो, हे मात्र खरे. कसा घडतो, ते सहसा कोणी सांगत नाही.

शिबिरात शरीर कमवता येत नाही, ते कमावूनच जावे लागते. बीपीईटी या लष्कराच्या शारीरिक क्षमता चाचणीत बूट, रायफल आणि अंगावरच्या लढाऊ साजासह ५ किलोमीटर धावायचे असते. वर्षभर स्पोर्ट्स शूज घालून डांबरी रस्त्यावर पळणारा पहिल्याच आठवड्यात नडगीच्या दुखण्याने किंवा टाचेच्या फोडांनी बसतो. शिबिराच्या तीन महिने आधीपासून लष्करी बूट पायात घालावेत, आधी नुसते चालावे, मग पाठीवर थोडे वजन घ्यावे आणि शेवटी पळावे. दोरावर चढताना अडते ते पकड कमी पडल्याने आणि पायांची कैची न जमल्याने. पकडीसाठी घराजवळचा सिंगल बारही पुरतो.

गोळीबारातही घाई उघडी पडते. ट्रिगरला हिसका दिला की गोळ्या नेमापासून भरकटतात. आधी ग्रुपिंग, म्हणजे सगळ्या गोळ्या एकाच जागी जवळजवळ लागणे, जमले पाहिजे; नंतर झिरोइंग, म्हणजे साइट फिरवून तो पुंजका नेमावर आणणे. गोळ्या विखुरत असताना साइट फिरवत बसणे म्हणजे वेळ आणि दारूगोळा दोन्ही वाया घालवणे.

सगळ्यात मोठा बदल घडतो तो हुकूम देताना. परिस्थिती, उद्देश, कार्यपद्धती, रसद, नेतृत्व व संपर्क या क्रमाने बोलायचे आणि सेक्शन कमांडरकडून, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीच्या प्रमुखाकडून, तेच परत वदवून घ्यायचे. कॉर्पोरेट बैठकांना सरावलेले नवे अधिकारी इथेच चुकतात: कारणे भरपूर सांगतात, वेळ आणि ठिकाण सांगायचे राहते, आणि मागचा जवान भलत्याच वाटेने निघतो. समोरचा सुभेदार अनुभवाने कितीतरी पुढे असतो. त्याला ‘साहेब’ म्हणत त्याचे ऐकायचे आणि तरी निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घ्यायची, हे कुठल्याही व्यवस्थापन वर्गापेक्षा अवघड.

अडचण मालकांची आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्याला परत कामावर घेण्याची जबाबदारी प्रादेशिक सेना कायद्याचे कलम ७अ मालकावर टाकते. तरी अनेक खासगी कंपन्यांत तोंडी ‘जाऊन या’ एवढेच मिळते. कंपनीतला वरिष्ठ बदलला की शिबिराचे दिवस अर्जित रजेतून कापले जातात. म्हणून अर्ज करण्याआधीच मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि शिबिराची तारीख कळताच ती मनुष्यबळ विभागाला पत्राने कळवावी. पुणे आणि कोल्हापूर या दोन्ही शहरांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक बटालियन आहेत. निदान तिथल्या उद्योगांनी तरी या शिबिरासाठी आपल्या रजेच्या नियमांत वेगळी तरतूद करावी.

– प्रादेशिक सेनेतील काही निवृत्त अधिकारी, पुणे