‘ट्रान्सपोर्ट एक्झिक्युटिव्ह’वर काट मारणाऱ्या सासवडच्या बाईंना

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

काही दिवसांपूर्वी रात्री पोरीला अमेरिकेतल्या कॉलेजात जायला मुंबईच्या विमानतळावर सोडलं. काचेच्या आत गेली, एकदा हात केला आणि गर्दीत दिसेनाशी झाली. परतीच्या वाटेवर मी गप्प, बायको गप्प. सासवडचा स्टँड मागे पडला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बाई झोपल्या असतील, नाही?” आणि मग जे रडू लागली ते जेजुरीपर्यंत.

फोन करणार होतो. पण दिवसभर ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणून ओरडणाऱ्या माणसाचा आवाज अशा वेळी बसतो. म्हणून लिहितोय, आणि चार लोकांसमोर लिहितोय. फसलो तेव्हा हसं चार लोकांसमोरच झालं होतं.

पोरीच्या अमेरिकेतल्या प्रवेशासाठी गाठलेल्या पुण्यातल्या त्या सल्लागाराचं नाव घेत नाही. ३५ हजार आगाऊ घेतले, एसी खोलीत बसवलं, चहा पाजला. म्हणाला, एसटीच्या संपाचं लिहू नका, वाईट दिसतं. सातबारा दाखवू नका. आणि आर्थिक मदत तर मागूच नका, मागितली की अर्ज बाद. त्यापेक्षा जमीन तारण ठेवून कर्ज काढा, बँकेतला माणूस आपलाच आहे. वर्षाचा खर्च ८० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ६५ लाख. माझी दीड एकर कोरडवाहू, तीही भावाबरोबर सामाईक. त्याने हिशेब केला नव्हता की मला येत नाही असं धरलं होतं, देव जाणे.

तुम्ही भेटलात ती दुपार आठवते. २०२२ ची दिवाळी नुकतीच झाली होती, स्वारगेट–फलटण गाडी निम्मी रिकामी. तुम्ही आधार कार्ड पुढे केलंत. पंचाहत्तरीच्या वरच्यांना मोफत प्रवास त्याच ऑगस्टात सुरू झाला होता. मी शून्य रुपयाचं तिकीट काढून दिलं आणि दिवे घाटाच्या अलीकडे माझ्या सीटवर अमेरिकेतल्या कॉलेजांकडे आर्थिक मदत मागायच्या फॉर्मचे कागद पसरून बसलो. तुम्ही मागून वाकून विचारलंत, “सीएसएस प्रोफाइल? कोणासाठी भरताय?” ओहायोतल्या एका कॉलेजात तुम्ही चौदा वर्षं याच फायली चाळल्यात, हे कळेपर्यंत सासवड आलंसुद्धा.

पुढच्या रविवारांचं सगळं सांगत बसत नाही. एवढं मात्र मला पहिल्यांदा तुमच्या ओट्यावर कळलं, की त्या सल्लागाराचं बोलणं निम्मं खरं होतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि त्याच वर्षी त्यांच्या रांगेत आलेली डार्टमथ, बोडन अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलाची निवड करताना ऐपत बघत नाहीत. बाकीची बघतात. पण त्या बाकीच्यांतही अशी आहेत की एकदा मूल घेतलं की जेवढं कमी पडतं तेवढं भरतात. म्हणजे मदत न मागता प्रवेश मिळाला असता तर आम्ही दारातूनच परत फिरलो असतो. हे त्याने सांगितलं नाही. तुम्ही सीताफळ सोलता सोलता सांगितलंत.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र.

त्याने भरून दिलेला छापील कागद तुम्ही वाचत होता. वडिलांचा व्यवसाय: ट्रान्सपोर्ट एक्झिक्युटिव्ह. तुम्ही चष्मा काढलात. “हे कोण?”

“मीच.”

“तुम्ही कंडक्टर आहात ना? मग?”

मला उत्तर सुचेना. पोरगी शेजारीच बसली होती, ती जमिनीकडे बघत होती. तुम्ही पट्टी घेतलीत, त्या शब्दांवर सरळ रेघ मारलीत आणि वर लिहिलंत, बस कंडक्टर. मग विचारलंत, “किती वर्षं?” म्हटलं, एकोणीस. तेही लिहिलंत. आवाज चढवला नाहीत की समजूत घातली नाहीत. स्पेलिंगची चूक दुरुस्त करावी तशी केलीत आणि पुढच्या रकान्याकडे गेलात.

बाई, माझी पोरगी शाळेत ‘बाबा एसटीत आहेत’ एवढंच सांगायची. मला ठाऊक होतं, मी कधी बोललो नाही. या जुलैत व्हिसाच्या खिडकीवर तिला विचारलं, वडील काय करतात? मी बाहेर बीकेसीच्या फुटपाथवर उभा. बाहेर येऊन म्हणाली, “बस कंडक्टर म्हणाले मी. एकोणीस नाही बाबा, आता वीस वर्षं म्हणाले.”

संपाचंही तुम्ही तसंच केलंत. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२, पगार नाही, मार्केट यार्डात हमाली केली, हे मी सांगत गेलो तसं तुम्ही विशेष परिस्थितीच्या रकान्यात उतरवलंत. मी भावनेच्या भरात थोडं वाढवून सांगू लागलो तर थांबवलंत. बायकोच्या शिलाईचे महिन्याचे अडीच हजार मी गाळले होते, तेव्हा मात्र रागावलात. या फॉर्मची फी माफ व्हावी म्हणून कॉलेजांना मेलही पोरीकडूनच लिहून घेतलेत. एरवी पहिल्या कॉलेजाला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६, आमचं तिथेच आटोपलं असतं.

अकरा अर्ज. आठ नकार, दोन ताटकळत, एक होकार. आम्हाला वर्षाला १,८०० डॉलर भरायचेत, बाकी कॉलेज बघतंय. विमानाच्या तिकिटाचे पैसे पतसंस्थेतून उचलले, फिटतील.

तुम्हाला पाकीट द्यायला आलो तर म्हणालात, “फुकट नेता ना मला पुण्याला? फिटलं.” बाई, ते पैसे सरकार भरतं, मी नाही. पण मला उलट बोलता आलं नाही. वीस वर्षांत तिकिटाच्या एका रुपयासाठी गळा धरणारे बघितलेत, तसे गर्दीत हातोहात पैसे पुढे पाठवणारेही. मागच्या दारापासून पन्नासची नोट दहा अनोळखी हातांतून माझ्यापर्यंत येते, उरलेले सुट्टे त्याच हातांतून परत जातात, आणि मधे कोणी खिशात घालत नाही. हे रोज बघूनही त्या एसी खोलीपायी मी विसरलो होतो.

काल पोरीचा फोन आला. कॉलेजच्या खानावळीच्या दारात काम मिळालंय, मुलांची कार्डं मशीनवर घासून आत सोडायचं. म्हणते, “बाबा, मशीन तुमच्याच मशीनसारखं आहे. फक्त तिकीट निघत नाही.”

मंगळवारपासून मी सकाळच्या फलटण–स्वारगेटवर आहे. यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, पुढच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतो. आधार कार्ड मात्र आणा. त्याशिवाय शून्याचं तिकीट काढता येत नाही, तुमच्यासाठीसुद्धा.

तुमचा,
एक बस कंडक्टर, फलटण आगार