दीड तासात गाव कसं कळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पर्यटन पुरवणीत हल्ली छोट्या ऐतिहासिक गावांवर बरंच छापून येतंय, वाचायला छान वाटतं, पण बहुतेक लेखांत फोटो कुठून काढायचा एवढंच असतं आणि गाव म्हणजे दोन मोठ्या शहरांच्या मधला एक स्टॉप. म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रियातलं हालश्टाट मी दोनदा बघितलं. पहिल्यांदा ग्रुप टूरने गेलो होतो, टूरवाल्यांनी दीड तास दिला, त्यातला अर्धा टॉयलेटच्या रांगेत आणि बाकीचा त्या ठरलेल्या फोटो पॉइंटवर गेला, तळं, डोंगर, चर्चचा टोकदार मनोरा सगळं मोबाईलमध्ये आलं की चला बसमध्ये. मला फार चुटपूट लागून राहिली. दुसऱ्यांदा एकटा गेलो आणि दोन रात्री राहिलो. रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठाला आहे, उतरलं की बोटीने गावात जायचं, आणि बोटीतूनच लक्षात येतं की डोंगर आणि पाणी यांच्या मधे जागाच किती कमी आहे.

ही जागेची टंचाई वर चर्चजवळच्या छोट्या खोलीत गेल्यावर नीट कळली. दफनभूमी इतकी लहान की काही वर्षांनी जुनी हाडं काढून नव्या माणसाला जागा करून द्यायचे, आणि कवट्या टाकून न देता त्यांच्यावर नाव, साल, पानंफुलं रंगवून तिथे मांडून ठेवायचे. सुमारे 1200 कवट्या आहेत, त्यातल्या 600 च्या वर रंगवलेल्या. शेवटची 1995 मध्ये ठेवली, एका बाईची, तिचा सोन्याचा दात अजून दिसतो. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो. भीती अजिबात वाटली नाही, उलट आपली माणसं किती मायेनं जपलीत असं वाटलं.

तसंच मिठाचं. डोंगरात मीठ आहे म्हणूनच माणूस तिथे आला, खाणीत सापडलेला लाकडी जिना इसवी सनापूर्वी 14व्या शतकातला आहे, मिठामुळे लाकूड कुजलंच नाही. जपानच्या शिराकावा-गो मध्ये पण तेच, बर्फ प्रचंड पडतं म्हणून घरांची छपरं एवढी उभी, आणि त्या उंच माळ्यांवर रेशीमकिडे पाळायचे. निसर्ग वेगळा बघायचा आणि संस्कृती वेगळी असं या गावांत करताच येत नाही हो!

आणि हालश्टाटमध्ये जेमतेम 750 लोक राहतात, गर्दीच्या दिवशी 10,000 पर्यंत पर्यटक येऊन जातात. 2023 मध्ये गावच्या प्रशासनाने वैतागून त्या सेल्फीच्या जागी लाकडी कुंपण घातलं होतं, नंतर टीका झाली म्हणून काढलं, पण मला गावकऱ्यांचा राग पटतो, खिडकीखाली दिवसभर कलकलाट कोण सहन करेल. संध्याकाळी बसेस गेल्यावर तेच गाव इतकं शांत होतं की पाण्याचा आवाज खोलीत येतो.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत अशा गावाबद्दल छापताना मुक्काम कुठे करता येईल, शेवटची बस नि बोट कितीला, गर्दी कुठल्या महिन्यात कमी असते आणि आसपास पायी कुठे जाता येतं हे चौकटीत द्या. फोटो एखादा कमी छापला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक