आधी शिक्का, मग फवारणी?

ड्रोनने बागेत औषध फवारण्याआधी दर वेळी तालुक्याची परवानगी घ्यावी, असे सांगणारा ‘बागांवरील ड्रोनना लगाम हवा’ हा अग्रलेख पटला नाही. मार्च २०२१च्या ड्रोन नियमांत २५ अर्ज आणि शुल्काचे ७२ प्रकार होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनेच ते मोडीत काढून अर्ज ५ आणि शुल्काचे प्रकार ४ वर आणले. आता पुन्हा मागे जायचे? आंब्याच्या मोहरावर तुडतुडा ही कीड पडली की चार दिवसही थांबता येत नाही. आमच्याकडे अजून गडी पंपाची नळी कमरेला बांधून जुन्या हापूसवर चढतो. निम्मे औषध त्याच्याच तोंडावर उडते; त्याला मात्र कुठलाच परवाना लागत नाही! शेजाऱ्याच्या विहिरीत औषध गेले, तर भरपाई जरूर वसूल करा. पण दर फवारणीआधी तालुक्याला खेटे कशासाठी?

– एक आंबा बागायतदार, रत्नागिरी