कौतुक शेवटच्या पंगतीचं हवं

मा. संपादक,

लग्नसराई आली की केटररच्या कौतुकाचे संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. ‘जेवण अप्रतिम, सगळे खूश.’ पुढच्या यजमानाला यातून कळतं काय? पहिल्या पंगतीचं प्रशस्तिपत्र तर हिशेबातच धरू नये, तेव्हा सगळंच गरम असतं. आचाऱ्याचा कस लागतो दोन-अडीच तासांनी.

मसालेभातच घ्या. घरचं ‘एकाला दोन’ पाणी 10 किलोंच्या पातेल्यात तसंच नेलं तर भात गिच्च होतो, कारण मोठ्या पातेल्यातून वाफ त्या मानानं कमी उडते. शिवाय आच बंद केल्यावरही तळचा भात शिजतच राहतो, वर भार असतोच. म्हणून जाणता आचारी 300 पानांचा भात एकदम टाकत नाही, पंगत पाहून पातेलं चढवतो. पुऱ्यांचंही तेच. किलोभर कणकेच्या साधारण 50 होतात. माणशी 4 धरल्या तर 300 पानांना 24 किलो कणीक लागते. एवढ्या पुऱ्या आधी तळून झाकल्या की वाफेनं चिवट होतात, नुसत्या लाटून ठेवल्या तर सुकून फुगत नाहीत. तळण पंगतीबरोबरच चालू हवं, आणि घाईत कढई भरू नये. तेल थंडावलं की पुरी तेल पिते. अळूला चिंच कमी पडली तर घसा खवखवतो. मठ्ठ्यात बर्फ टाकणं ही तर शुद्ध पळवाट, पातेलं बर्फात ठेवावं.

पाहुण्यांना न दिसणारं मात्र वाढप्यांना दिसतं. पानांची संख्या वाढली तेव्हा वरणात पाणी ओतलं की नवी डाळ लावली, कालचं काळं तेल पुन्हा कढईत आलं का, उरलेला भात उबदार जागी तासन्‌तास पडून होता का (असा भात वासावरून कळत नाही, पण बाधतो). ज्याच्याकडे तेच वाढपी आणि मदतनीस हंगामामागून हंगाम टिकतात आणि तिथलंच जेवण आवडीनं जेवतात, त्याला दुसऱ्या शिफारशीची फारशी गरज नाही.

तेव्हा अभिप्राय लिहिणाऱ्यांनी एवढं तरी लिहावं: पानं किती सांगितली होती, प्रत्यक्षात किती उठली, शेवटच्या पंगतीला जिलेबी पुरली का, भात मोकळा होता का आणि वाढीव पानांचे पैसे कोणत्या दरानं लावले.

– एक वाचक, पुणे