फर्निचर शेवटी हलवा : वाणिज्य कर कार्यालयांच्या फेररचनेबाबत अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री, कर्नाटक सरकार,
विधानसौध, बेंगळूर

स.न.वि.वि.

वाणिज्य कर खात्याच्या कार्यालयांच्या हद्दी बदलणे हा सरकारचा अधिकार. त्याला आमचा विरोध नाही. आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्यापाऱ्यांची रिटर्न भरणारी माणसे. आमचे म्हणणे क्रमाबद्दल आहे : आधी पोर्टल, मग माणूस, शेवटी फर्निचर.

हद्द बदलली की प्रत्येक जीएसटी क्रमांक पोर्टलवर नव्या कार्यालयाच्या नावे चढवावा लागतो. नव्या अधिकाऱ्याचे लॉगिन आणि डिजिटल सही त्याच दिवशी चालू झाली नाही, तर नोंदणीचे अर्ज न उघडता पडून राहतात. आधार पडताळणी झालेल्या साध्या अर्जावर सात कामकाजाच्या दिवसांत काहीच हालचाल झाली नाही, तर जीएसटीच्या नियम ९ प्रमाणे तो मंजूर धरला जातो. खोटी बिले फाडणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त कुठला! इकडे सरळ व्यापारी मात्र अडकतो. रिटर्नमधल्या तफावतीच्या नोटिशीला त्याने एएसएमटी-११ फॉर्ममध्ये दिलेले उत्तर जुन्या अधिकाऱ्याच्या यादीत राहते आणि नवा अधिकारी ‘उत्तर नाही’ समजून डीआरसी-०१, म्हणजे कर मागणीची नोटीस, काढतो. २०२२-२३ च्या कलम ७३ खालच्या (कर कमी भरला, पण फसवणूक नाही अशा) प्रकरणांत नोटिशीची मुदत ३० सप्टेंबर २०२६, आदेशाची ३१ डिसेंबर २०२६. त्या घाईत आदेश निघाला, की अपिलाला वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरा. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात हद्दींना हात लावू नये.

जीएसटीआधीच्या व्हॅटच्या जुन्या फायली खोक्यांत कोंबून पाठवल्या, की नेमके सी फॉर्म (परराज्यातल्या विक्रीवरच्या सवलतीच्या कराचा पुरावा) निसटतात. पानांना आकडे घाला, यादी दोन प्रतींत करा, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या घ्या.

आता एफडीए (प्रथम दर्जा सहायक), एसडीए (द्वितीय दर्जा सहायक) आणि डी ग्रुपच्या (शिपाई वगैरे) कर्मचाऱ्यांचे. पद एचआरएमएस या पगाराच्या प्रणालीत नव्या डीडीओ (पगार काढणारा अधिकारी) कोडखाली दिसायला हवे, शेवटचे वेतन प्रमाणपत्र आणि सर्व्हिस रजिस्टर पोचायला हवे. यातले एक राहिले तरी पगारबिल खजाने-२ या सरकारी खजिन्याच्या प्रणालीत अडकते. बँकेचा हप्ता थांबत नाही. बेळगावात घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या १५ टक्के, निपाणीत साडेसात. बेळगावहून निपाणीला टाकले, तर ४०,००० मूळ वेतनावर महिन्याला ३,००० तिथेच गेले, वर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर बसचा प्रवास.

शिवाय निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला शेतकऱ्याकडून घेतलेल्या पानावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी, कर स्वतः भरावा लागतो. हे त्याला मराठीत समजावणारा एसडीए लांब टाकला, तर चुकीची रिटर्न वाढतील, मागोमाग नोटिसाही. अशा लोकांना निदान वर्षभर जागेवर ठेवा.

बदल एप्रिल-मे मध्ये करा, जूनच्या शाळेआधी. आदेशात तीन तारखा वेगळ्या छापा : पोर्टलवरची हद्द बदलण्याची, प्रलंबित प्रकरणे सोपवण्याची, कर्मचाऱ्यांना सोडण्याची. पहिल्या दोन पुऱ्या झाल्याचा लेखी दाखला सहआयुक्तांनी दिल्याशिवाय तिसरी लागू होऊ नये.

आपले,
सीमाभागातील काही कर सल्लागार व हिशेबनीस, बेळगाव