शटर दहाला पडते, मोबाईलला शटरच नाही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही ऑनलाइन सट्ट्यावर छापलं ते वाचलं. चांगलंच छापलं, पण त्यात एका वाचकाचं मत होतं की इंग्लंडसारखं इथेही सगळं लीगल करून टाका, विषय संपला. एवढं सोपं नाही हो बाप्पा. मी मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडात लेस्टरला दोन महिने होतो, रिटायर माणूस, रोज फिरायला निघालो की मेन रोडवरच्या बुकीच्या दुकानासमोर पाय थांबायचे, तर जे पाहिलं ते लिहून राहिलो.

हो, दुकान. आपल्या इथे बुकी म्हटलं की भाड्याचा फ्लॅट, टेबलवर आठ-दहा मोबाईल, लॅपटॉप, आणि मग क्राइम ब्रँचची धाड. तिथे १ मे १९६१ पासून ही दुकानं भरबाजारात उघडी आहेत, एका बाजूला सलून, दुसऱ्या बाजूला औषधाचं दुकान आणि मधात बुकी. आत भिंतीभर टीव्ही, घोडे पळून राहिले, कोपऱ्यात कोऱ्या चिठ्ठ्या आणि बोटाएवढे फुकटचे पेन. म्हातारे लोक पेपर पसरून चिठ्ठी भरतात, काचेमागच्या बाईला नोटा देतात, ती पावती देते. रक्कम छोटी असली तर नाव नाही न गाव नाही. जिंकला तर पावती दाखवून नगद, पावती हरवली की डोक्याला ताप. आणि कायद्यानं सकाळी सातच्या आधी नाही न रात्री दहानंतर नाही.

जावई म्हणे बाबा दुकानात आता कोण जाते, मोबाईलवर भाव चांगला मिळते. मी बँकेत कॅशला होतो, आकडे दिसले की हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे फेवरेट टीमचा भाव रुपयामागे ४०-४२ पैसे असा बोलतात, म्हणजे लगवाडी केली, ती टीम जिंकेल म्हणून लावले, तर दहा हजारावर चार हजार सुटतात, आणि खायवाडी केली, ती हरेल म्हणून लावले, तर बेचाळीसशेची जोखीम घेऊन दहा हजार. मधले दोन पैसे ही बुकीची भाकर. लेस्टरच्या दुकानात तोच ४० पैसे २/५ म्हणून लिहितात, म्हणजे पाचावर दोन, जावयाच्या ॲपवर मुद्दल धरून १.४० दिसते, वस्तू एकच. आता दोन्ही टीम सारख्याच तोलाच्या आहेत अशी मॅच समजा. दुकानानं दोन्ही टीमला ५/६ दिला आणि तुम्ही दोन्हीकडे शंभर-शंभर लावले तर दोनशेचे १८३ परत येतात, ॲपनं १.९१ दिला तर १९१. दुकानाला भाडं आहे, लाईट बिल आहे, काचेमागच्या बाईचा पगार आहे, म्हणून तो जास्त कापते. इथवर जावई बरोबर.

पण पुढचं त्यानंच सांगितलं. त्याच्या ऑफिसातला एक पोट्टा हुशार, चार ॲपचे भाव ताडून लावायचा न जिंकायचा, तर एक दिवस ॲपनं त्याची लिमिटच बसवली, पन्नास पाउंड टाकले तर स्क्रीनवर येते की तुमचे दीडच पाउंड घेऊ. हरणाऱ्याला मात्र फ्री बेटचे मेसेज, बोनसचे मेसेज, आणि बोनस काढायचा तर तो आधी इतक्या वेळा फिरवा, म्हणजे पुन्हा सट्ट्यावर लावा, अशी बारीक अक्षरात अट. दुकानातल्या बाईजवळ एवढी वही नसते, ॲपजवळ तुमचा प्रत्येक बॉलचा हिशेब असते.

दुकानं काही साधू नाहीत. तिथे जुगाराच्या मशीन आहेत, त्यावर एका डावाला १०० पाउंडपर्यंत लावता यायचे आणि डाव वीस सेकंदाचा, ओरड झाली तेव्हा एप्रिल २०१९ मध्ये ती मर्यादा २ पाउंडवर आणली. पुढच्या वर्षी क्रेडिट कार्डावर जुगार बंद केला. ऑनलाइनवाल्यांसाठी गॅमस्टॉप नावाची सोय आहे, त्यात एकदा नाव टाकलं की तिथल्या सगळ्या लायसनवाल्या साइट तुम्हाला बंद. म्हणजे लीगल केल्यावरही साठ वर्षं सरकार मागे मागे पळूनच राहिलं आहे.

आता आपलं नागपूर. जुना बुकी ओळखीचा असायचा, फोनवर सौदा, उधारीवर चालायचं आणि हप्त्याला वलन, म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब. ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही, वसुलीला पोट्टे घरी यायचे न इज्जत रस्त्यावर यायची. आताचा आयडीवाला, म्हणजे सट्ट्याच्या साइटचं लॉगिन देणारा, ना दुकानदार ना ओळखीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद न एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. पण आयडी? व्हॉट्सॲपवर हाय टाका, दोन मिनिटात येते.

माझा सख्खा भाचा, इंजिनिअरिंगला, हिंगण्याकडे रूम करून राहते. पहाटे साडेचारला उठायचा, आम्हाला वाटलं पोरगं अभ्यास करून राहिलं, तर तो वेस्ट इंडीजमधल्या लीगच्या मॅचवर एकेक ओव्हरचं सेशन, म्हणजे त्या ओव्हरमध्ये किती रन होतील याचा सट्टा, खेळून राहिला होता. पैसे भरायला दर वेळी वेगळ्या माणसाचा क्यूआर कोड, कधी टायरवाल्याच्या नावाचा, कधी कोण्या बाईच्या नावाचा. लाखभर गेले. गंमत पाहा, त्रास हरण्यानं नाही, जिंकण्यानं झाला. एकदा साडेसहा हजार जिंकला, ते ज्या खात्यातून आले त्या खात्यावर दुसऱ्याच कोण्या राज्यात फसवणुकीची तक्रार होती, आणि पोट्ट्याचं खातं होल्डवर गेलं, स्कॉलरशिपसकट. ब्रँचमध्ये गेलो तर काउंटरवरची पोरगी म्हणते काका आमच्या हातात नाही, तिकडच्या सायबर पोलिसांचं पत्र आणा.

तर संपादक साहेब, एक विनंती. पुढच्या वेळी आकडे नाही छापले तरी चालतील, हे होल्डचं छापा, पोट्ट्यांना हे माहीतच नाही. आणि फसवणुकीत पैसे गेल्या गेल्या सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर फोन करा हेही मोठ्या अक्षरात टाका. शिवाय तुमच्या खेळाच्या पानावर खालच्या कोपऱ्यात मागे ते स्कोअर सांगणाऱ्या साइटची जाहिरात होती ना, ती एकदा स्वतः उघडून पाहा, स्कोअर कमी न आयडीचा नंबर मोठा आहे.

भाच्याचं खातं अजून उघडलं नाही. मेसचे पैसे सध्या मीच देऊन राहिलो.

आपला,
एक जुना वाचक, सक्करदरा, नागपूर